शिंगराला शर्यतीची घाई नको

कबनूर-इचलकरंजी परिसरात जत्रा-उरुसांचे दिवस आले की घोडागाडी शर्यतींची चर्चा रंगते. बक्षीस कोणी मारले हे सर्वांना कळते. पळणाऱ्या घोड्याचे वय किती, त्याला कोणी आणि कसे तयार केले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा थर असतो. हाडाची लांबी तेथे वाढते. घोड्याच्या पायाच्या खालच्या हाडांतील हा थर साधारण पहिल्या वर्षात पक्का होतो, पुढच्या गुडघ्यावरचा दोन ते अडीच वर्षांनी, तर मणक्यांतील पाच वर्षांच्या आसपास. दोन वर्षांचे शिंगरू उंचीने घोडा दिसले, तरी पाठ कच्चीच असते.

म्हणून त्याला दावणीला बांधून ठेवणेही चुकीचेच. हाड ताण मिळाल्यावरच घट्ट होते. मोकळे बागडणे, थोड्या अंतराची धाव हितकारक. ताण एकदम वाढवला, विश्रांती दिली नाही, तर नडगी सुजते, हाडाला बारीक तडे जातात. शाळकरी धावपटूंच्या नडगीचे दुखणेही याच जातीचे.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठात विद्यार्थी तरुण घोडे महिनोन्महिने सांभाळतात, त्यांना माणसाची, खोगिराची सवय लावतात; नंतर या घोड्यांचा लिलाव होतो. घाई केली की जनावर बुजते आणि भावही पडतो, हा धडा तेथे आपोआप मिळतो.

आपल्याकडे पशुवैद्यकीय शिक्षण आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे महाविद्यालय सातारा जिल्ह्यात शिरवळला आहे. दख्खनच्या भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यताही मिळाली आहे. परंतु घोडा आजारी पडल्यावर बरा करणे वेगळे आणि शिंगरू घडवणे वेगळे. घोडेमालक व तरुण चालकांसाठी तेथे छोटा अभ्यासक्रम सुरू झाला, तर परंपरागत अनुभवाला शास्त्राची जोड मिळेल.

तोवर दोन गोष्टी संयोजकांच्या हातात आहेत. घोड्याचे पुढचे कायमचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांनी येतात. पशुवैद्यकाकडून दात तपासूनच प्रवेश द्यावा. दुसरी गोष्ट माणसांची. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. तबेल्यात राबणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी आणि जखम झाल्यास ती लगेच धुऊन दवाखाना गाठावा.