११ लाखांत ई-क्लास : चाकणची गाडी, दिल्लीची एनओसी आणि सिंहगड रोडचं पाणी

"११ लाखांत ई-क्लास. सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, शोरूम मेंटेन्ड." ही ओळ गेल्या महिनाभरात मला इनबॉक्समध्ये इतक्या जणांनी पाठवलीय की एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो. लांब आहे. टोकन द्यायची घाई झाली असेल तर आधी हे वाचा, मग द्या.

पुण्यात विकायला आलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच कशी असते हे मला आजवर कळलेलं नाही. शहरात एवढे डॉक्टर असते तर ओपीडीबाहेर रांगा दिसल्या नसत्या.

माझं म्हणणं सरळ आहे. जुनी मर्सिडीज घेणं हा मूर्खपणा नाही. हौस असावी, माणसाने हौस करावी. पण आज ही गाडी ज्या पद्धतीने पुण्यात विकली जाते, त्यात विकणाऱ्याला सगळं माहीत असतं, विमा कंपनीला माहीत असतं, सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरला माहीत असतं. फक्त पैसे मोजणाऱ्याला काही माहीत नसतं. आणि हे असंच राहावं अशी सोय सरकारने करून ठेवलीय. मुद्दाम की आळसाने, ते तुम्ही ठरवा.

आधी गाडीबद्दल. ई-क्लास ही तशी आपल्या गावचीच. १९९४ मध्ये मर्सिडीजने टेल्कोबरोबर भागीदारी केली आणि १९९५ पासून पिंपरीत ई-क्लास जोडली जाऊ लागली. २००९ मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून ती तिकडे तयार होते. म्हणजे जे पोरगं चाकणच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये तास-तास अडकतं, तेच ही गाडी जोडतं. त्यामुळे आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे : "अरे, इथेच बनते, पार्ट मिळतील की!" पार्ट मिळतात. पण गाडी इथे जोडली जाते आणि पार्टची किंमत जर्मनीच्या हिशेबाने लागते. नाना पेठेत इंडिकाचा कंट्रोल आर्म मागितला तर दुकानदार चहा संपायच्या आत काढून देतो. एअर सस्पेन्शनचा स्ट्रट मागून बघा.

हाच मूळ मुद्दा आहे, आणि रीलवाले नेमका तोच लपवतात. गाडीची किंमत ६० लाखांवरून ११ लाखांवर येते. गाडीचा खर्च येत नाही. तो ६० लाखांच्या गाडीचाच राहतो, उलट वयाबरोबर वाढतो. पहिल्या मालकाने वॉरंटीत गाडी चालवली, घसारा सोसला आणि मोठा खर्च दारात आला तसा हत्ती तुमच्या अंगणात बांधून निघून गेला. हत्ती विकत घेता येतो हो. रोजचा चारा कोण घालणार?

आता पिढ्यांबद्दल, कारण "ई-क्लास" या एका नावाखाली पाच-सहा वेगवेगळ्या गाड्या विकल्या जातात आणि लोक त्या एकच समजतात.

पिंपरीत बनलेली पहिली, डब्ल्यू १२४. पेट्रोलची ई २२० आणि पाच सिलिंडरची डिझेल ई २५० डी. लोखंडाचा तुकडा आहे. इलेक्ट्रॉनिक्स कमी, म्हणून बिघडायलाही कमी. आज कोणी ही घेत असेल तर तो वाहतुकीसाठी घेत नाही, प्रेमाने घेतो, त्याला मी काय सांगणार? एवढंच, की १५ वर्षं उलटलेल्या गाडीची पुनर्नोंदणी झालीय का आणि कधीपर्यंत, ते कागदावर बघा. तिच्यामागून आलेली गोल दिव्यांची डब्ल्यू २१० मला कधी आवडली नाही. जगभर तिची ओळख गंजाने झाली. दरवाजाच्या खालच्या कडा बघा आणि पुढे चला.

खरा सापळा पुढची डब्ल्यू २११. दिसायला आजही देखणी, आणि भाव असा की नवी वॅगनआर महाग वाटावी. २००६ मध्ये ती सुधारून आली, त्याआधीच्या गाड्यांत ब्रेक इलेक्ट्रो-हायड्रॉलिक आहेत. पेडल दाबलं की आधी कॉम्प्युटरला कळतं, मग पंप दाब तयार करतो. त्या युनिटमध्ये ब्रेक किती वेळा दाबला याचा मोजणारा आकडा असतो आणि ठरलेला आकडा गाठला की गाडी इशारा देऊ लागते. दुरुस्ती नाही, युनिट बदला. २००४ मध्ये याच ब्रेकपायी कंपनीला जगभरातल्या ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि सुधारित गाडीत ही यंत्रणाच काढून टाकावी लागली. कर्वे रोडला संध्याकाळी सात वाजता डेक्कन ते कोथरूड जाताना ब्रेक किती वेळा दाबावा लागतो ते मोजा, म्हणजे पुण्यातल्या गाडीचा तो आकडा कुठे पोचला असेल याचा अंदाज येईल. त्याच काळातल्या व्ही-६ पेट्रोल इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅलन्स शाफ्टचं चाक झिजतं, आणि ते बदलायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. गॅरेजवाला "थोडा आवाज आहे, ऑइल बदलू" म्हणाला तर तो आवाज ऐकायला दुसऱ्या माणसाला न्या.

२००९ नंतरची डब्ल्यू २१२ ही आजच्या इनबॉक्समधली गाडी. बाणेर-वाकडच्या सोसायट्यांमध्ये लोक ज्या भावात घासाघीस करतायत ती हीच. मला विचाराल तर २०१३ मध्ये ती सुधारून आली, त्यानंतरची घ्या. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मुळात दणकट आहे, पण सुरुवातीच्या गाड्यांतल्या पिझो इंजेक्टरनी जगभर डोकं खाल्लं होतं. टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे आहे, म्हणजे तिथलं काम आलं की मजुरीच दणका देते. सकाळी गार इंजिन स्वतः सुरू करा. विक्रेत्याने तुम्ही यायच्या आधीच "गाडी गरम करून ठेवली" असेल तर त्याचे आभार मानून दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

२०१७ ची लांब व्हीलबेसवाली चांगली आहे. फार चांगली आहे, खरं तर. मागच्या सीटवर पाय पसरून बसता येतं. पण दोन चाकांमधलं अंतर ३ मीटरच्या वर आणि आपले स्पीडब्रेकर म्हणजे कुठल्या तरी नगरसेवकाच्या कार्यकर्त्याने रात्रीतून घातलेले. पोट घासलंय का ते जॅकवर चढवूनच कळतं. आणि हिचा भाव सध्या खाली येतोय, कारण २०२४ मध्ये नवी पिढी आली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा नव्या गाड्यांवरचा जीएसटी-सेस मिळूनचा बोजा ४८ ते ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव पडतोच. डीलर हे तुम्हाला स्वतःहून सांगणार नाही. तुमच्यावर १८ टक्के जीएसटी लागेल अशी भीतीही कोणी घालत असेल तर ऐकून घेऊ नका. तो कर व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे. तुम्ही शेजाऱ्याकडून घरगुती गाडी घेतली तर तो लागतच नाही.

इथपर्यंत यंत्राची गोष्ट झाली. यंत्र तपासता येतं, चांगला मेकॅनिक दोन तासांत सांगतो. ज्यामुळे मी हे लिहायला बसलो ते पुढे आहे.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. आंबील ओढा फुटून वाहिला, अरण्येश्वर, पद्मावती, कात्रजकडच्या सोसायट्यांमध्ये माणसं गेली आणि गाड्या खेळण्यासारख्या एकमेकांवर चढल्या. २५ जुलै २०२४ आठवा. खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि एकता नगरीच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. त्या गाड्या कुठे गेल्या?

सांगतो. विम्याचा नियम असा, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की ती "टोटल लॉस" धरतात. लक्झरी गाडीचं हे फार पटकन होतं. सीटखाली, कार्पेटखाली कंट्रोल युनिट आणि वायरिंग असतं. गुडघाभर पाणी आत आलं की दुरुस्तीचं कोटेशन विमा किमतीला टेकतं. मालकाला पैसे मिळतात, गाडी भंगाराच्या भावाने लिलावात जाते. लिलावात ती घेणारा ती भंगारात घालत नाही. कार्पेट धुतो, सुकवतो, वापरलेली युनिट घालतो, डॅशबोर्डवरचे दिवे सॉफ्टवेअरने गप्प करतो आणि सहा महिन्यांनी ती "डॉक्टरची गाडी" होते. माझ्या ओळखीच्या एका शिक्षक दांपत्याने अशीच एक गाडी घेतली. पहिला पावसाळा ठीक गेला. दुसऱ्या पावसाळ्यात एकेक युनिट बसायला लागलं. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघितला तेव्हा पट्ट्याच्या मुळाशी वाळलेला गाळ निघाला. विकणाऱ्याचं उत्तर : "मॅडम, तुम्ही तपासून घेतली होती ना?"

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५५ काय म्हणतं बघा. वाहन नष्ट झालं किंवा कायमचं वापराबाहेर गेलं तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं आणि आरसी जमा करायची. कायदा आहे. पण "टोटल लॉस" म्हणजे "कायमचं वापराबाहेर" असं आपल्याकडे कोणी धरत नाही, म्हणून आरसी जिवंत राहते आणि गाडीच्या नावाने पुढे फिरत राहते. वाहन पोर्टलवर नंबर टाका : कितवा मालक आहे ते दिसेल, कर्जाचा बोजा दिसेल, विमा कधी संपतो ते दिसेल. गाडी पाण्यात बुडून टोटल लॉस झाली होती, हे दिसणार नाही. दर वर्षीचं किलोमीटर रीडिंग दिसणार नाही. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीतलं रीडिंग कोणीही नंबर टाकून फुकट बघतो. अमेरिकेत टोटल लॉस झालेल्या गाडीच्या कागदावरच तसा शिक्का बसतो. आपल्याकडे १ लाख १० हजारांचे ४८ हजार करायला लॅपटॉप आणि अर्धा तास पुरतो.

दिल्लीचा मामलाही याच जातीचा. २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर टाच आणली. पुढे आदेश बदलत गेले, पण मधल्या काळात शेकडो किलोमीटर पार करून तिकडच्या गाड्या एनओसीसह आपल्याकडे आल्या. त्या सगळ्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण "टॅक्स नंतर भरू, सगळेच चालवतात" हे ऐकून गाडी घेऊ नका. महाराष्ट्रात नोंदणी करायची तर रोड टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवर, वयाप्रमाणे कमी होणाऱ्या दराने भरावा लागतो. ५०-६० लाखांच्या गाडीवर तो किती होतो ते व्यवहाराआधी संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन विचारा.

विकणाऱ्यांनाही एक सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे तिकडचे आहेत. डीलरकडे चावी दिली म्हणजे सुटलो असं समजू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईला नोंदणीत नाव असलेला मालकच जबाबदार, गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं आणि गाडी त्याच्याकडे सोपवल्याची नोंद पोर्टलवर करावी लागते. हायवेलगतच्या कितीशा यार्डांमध्ये ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं दिसतं? मी गेल्या महिन्यात चार ठिकाणी विचारलं. एकाने दाखवलं, दोघांनी चहा पाजला, चौथ्याने विचारलं, "साहेब, तुम्ही प्रेसवाले का?"

आता मला माहीत आहे कमेंटमध्ये काय येणार. "मध्यमवर्गीयाने मर्सिडीज घेतली की तुमच्या पोटात दुखतं." नाही हो. पोटात दुखत असतं तर कोणती पिढी घ्यायची ते सांगितलं नसतं. श्रीमंताची गाडी बिघडली तर तो दुसरी घेतो. ज्याने पीएफमधून पैसे काढून वडिलांना एकदा मर्सिडीजमधून पंढरपूरला न्यायचं ठरवलंय, गाडी बुडीत निघाली तर तो बुडतो. त्याच्यासाठीच म्हणतोय.

मागणी अवघड नाही. विमा कंपन्यांनी टोटल लॉसची नोंद वाहन पोर्टलवर टाकणं सक्तीचं करा. दर वर्षी पीयूसी आणि विमा नूतनीकरणाच्या वेळी किलोमीटर रीडिंग नोंदवा आणि ते नंबर टाकणाऱ्या कोणालाही दिसू द्या. पोर्टल आहे, डेटा आहे, फक्त एक रकाना वाढवायचाय. त्यासाठी पुलासारखी निविदा काढावी लागत नाही.

हे दोन मुद्दे मी परिवहन आयुक्तांच्या कार्यालयाला मराठीत, एका पानात लिहून पाठवतोय. मसुदा उद्या इथे टाकतो, ज्यांना सही करायची त्यांनी करा. तोवर गाडी बघायला जाल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, आणि गाडी कुठलीही असो, मेकॅनिक तुमचा न्या, त्यांचा नको. आणि कृपया कमेंटमध्ये गाड्यांचे नंबर टाकू नका, इनबॉक्स करा.