पैशाबरोबर माणूसही हवा

मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटीस पोहोचतो तेथे एक रस्ता डहाणूकडे व दुसरा कासा-जव्हारकडे जातो. ह्या नाक्यावरून रात्रंदिवस वाहने धावतात. परंतु भोवतालच्या पाड्यांतील मुलगा किंवा मुलगी दहावी उत्तीर्ण झाली म्हणजे तिला पुढचा रस्ता दाखविणारा मनुष्य सहसा भेटत नाही. अशा भागांतील विद्यार्थ्यांस रोटरी, लायन्स यांसारखी सेवामंडळे शिष्यवृत्त्या देतात व मार्गदर्शकही जोडून देतात, तेव्हा आपण तिकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

आपल्यातील काही बंधू म्हणतात, हे दान आहे. ते घेणे स्वाभिमानास बाधक आहे. दुसरे म्हणतात, मंडळाकडून मिळाले, आता सरकारच्या दारी कशाला जावे? माझ्या मते हे दोन्ही पक्ष चुकतात.

प्रथम पहिल्या पक्षाचा विचार करू. 1907 साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्कार-सभेत कृष्णराव अर्जुन केळूस्कर गुरुजींनी त्यांस स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या ह्या मुलास त्यांनी आधीच हेरले होते. त्यास ते पुस्तके देत. पुढे त्यांच्याच खटपटीने महाराज सयाजीराव गायकवाडांकडून भीमरावांस महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा 25 रुपये मिळू लागले. 1913 मध्ये त्याच बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. ती शिष्यवृत्ती घेतल्याने त्यांच्या स्वाभिमानास रेसभरही उणेपणा आला काय? मुळीच नाही. परंतु ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, महाराजांनी द्रव्य दिले, तर गुरुजींनी आपला वेळ दिला. एकट्या द्रव्याने काम झाले नसते. आणि 1907 मध्ये हाती पडलेल्या त्या चरित्राचे बीज 1956 साली नागपुरात कसे फळले, हे आपणां बौद्धांस सांगावयास नको.

आता दुसरा पक्ष. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना 1944 साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. दुर्बल घटकांच्या शिक्षणाची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य घटनेच्या 46 व्या अनुच्छेदाने राज्यसंस्थेवर टाकले आहे. धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलतींसाठी आपल्या समाजास 1990 पर्यंत झगडावे लागले. त्या वर्षी कायदा दुरुस्त होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. म्हणून नव्याने धम्म स्वीकारणाऱ्या कुटुंबाने मुलाच्या अर्जात धर्म लपविण्याचे कारण नाही. चौतीस वर्षे झगडून मिळविलेला हक्क एखाद्या मंडळाच्या धनादेशापुढे विसरणे म्हणजे आपला सातबारा दुसऱ्याच्या नावे करून देण्यासारखे आहे. हक्क आधी, मदत नंतर. मदत ही हक्काची जोड असावी, त्याचा मोबदला नव्हे.

वकिली करताना मी पाहिले आहे की, गरिबाचा हक्क न्यायालयाच्या निकालाने जितका बुडतो त्याहून अधिक तो टळलेल्या मुदतीने व अपुऱ्या कागदाने बुडतो. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, वसतिगृहाचा अर्ज, यांपैकी एक कागद राहिला की मुलाचे वर्ष गेले. मार्गदर्शकाचे खरे काम येथे आहे. वर्षातून एकदा येऊन भाषण करणारा मार्गदर्शक नको. जूनमध्ये अर्ज भरून घेणारा, दिवाळीनंतर गुण विचारणारा आणि मूल नापास झाले तरी त्याचा हात न सोडणारा हवा.

सेवामंडळांसही एक गोष्ट नम्रपणे पण स्पष्ट सांगावयास हवी. ह्याच डहाणू-तलासरीच्या मुलुखात 1945 साली गोदावरी परुळेकर यांच्यासमवेत वारल्यांनी वेठबिगारीस नकार दिला. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांस व्यासपीठावर ओळीने उभे करून धनादेशासह छायाचित्रे काढणे त्यांस शोभत नाही आणि मंडळांसही शोभत नाही. शिष्यवृत्ती मुलाच्या खात्यात जावी आणि निवडीची कसोटी सर्वांस आधी कळावी.

शेवटी आपले कर्तव्य. ह्या भागात आदिवासींची वस्ती मोठी आहे. आपल्या मुलाचा अर्ज भरताना शेजारच्या पाड्यावरील मुलाचाही भरावा. अनुसूचित जमातींच्या यादीस धर्माची अट नाही. त्यांचा हक्क त्यांचाच आहे, फक्त तो सांगणारा हवा. आणि जो मुलगा ह्या मदतीने पदवीधर होईल त्याने दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याचे केळूस्कर व्हावे. धम्मात दानाला मोल आहे. पण शिकलेल्या माणसाने दिलेला वेळ हे आज आपल्या समाजास सर्वांत अधिक हवे असलेले दान आहे.

जय भीम.