विश्लेषण : गडचिरोलीत पोकलेन विकत घ्यावे की भाड्याने?

माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने १५ ऑक्टोबर २०२५ रोजी ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याआधी जुलैमध्ये कोनसरीच्या पोलाद प्रकल्पाची पायाभरणी झाली होती. एटापल्ली, भामरागडकडे रस्ते आणि पुलांची कामे सरकत आहेत. या कामांवर दिसणारी पिवळी यंत्रे येतात कुठून, ती कोण निवडतो आणि बुडाली तर कोणाची बुडतात? कर्ज काढून जेसीबी घेणाऱ्या आणि तो ठेकेदाराकडे लावणाऱ्या स्थानिक तरुणांसाठी हा घरादाराचा प्रश्न आहे.

जेसीबी की पोकलेन?

दोन्ही शब्द खरे तर कंपन्यांचे. पोकलेन ही फ्रेंच कंपनी. भारतात हे यंत्र एल अँड टीने आणले आणि पुढे साखळीवर चालणाऱ्या प्रत्येक खोदाई यंत्राला आपण तेच नाव दिले. फरक चाकांचा आहे. टायरचा जेसीबी स्वतःच्या पायाने कामावर जातो, पुढून भरतो, मागून खोदतो. नाल्या, छोट्या मोऱ्या, पाइपलाइन यांसाठी तो पुरतो. मुरमाची टेकडी कापायची किंवा पुलाचा पाया खोदायचा, तर २० टनी पोकलेन लागते. चिखलात वजन पसरून उभे राहण्याचे काम साखळीच करते.

पण साखळीचे यंत्र डांबरी रस्त्यावरून चालवता येत नाही, त्याला ट्रेलर लागतो. म्हणजे पोकलेन निवडताना यंत्राचे वजन बघून भागत नाही. यंत्र अधिक ट्रेलर हे एकत्र वजन वाटेतल्या प्रत्येक रपट्याने आणि जुन्या पुलाने पेलायला हवे. आलापल्लीच्या पुढे अनेकदा अडते ते इथेच. पूल बांधायचा म्हणून यंत्र हवे आणि पूल नाही म्हणून यंत्र जात नाही! पर्लकोटा चढली की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यामुळे यंत्रे पावसाआधी बाहेर काढायची की चार महिने तिथेच ठेवायची, हे मे महिन्यातच ठरवावे लागते.

डांबराचे वेगळेच

नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचे मिश्रण प्लांटमध्ये १५० ते १६५ अंश सेल्सिअसला तयार होते. ते अंथरताना किमान १४० अंश लागतात आणि तापमान ९० च्या खाली जायच्या आत रोलर फिरून संपायला हवा. प्लांट लांब असला, घाटात हायवा अडकला की माल थंड. मग पेव्हर कितीही महागडा असो, रस्ता पुढच्या पावसात उखडणार. म्हणून दुर्गम भागात आधी प्लांटची जागा ठरवावी आणि मग पेव्हर-रोलर. निविदेसाठी यंत्रांची यादी जोडताना हे उलटे केले जाते.

विकत की भाड्याने?

एक नमुना हिशेब करू. आकडे समजून घेण्यापुरते आहेत, बाजारभाव विचारूनच धरावेत. समजा पोकलेन ६५ लाखांचे. ५२ लाख कर्ज, १० टक्के व्याज, चार वर्षे. हप्ता महिन्याला सुमारे १ लाख ३२ हजार. ऑपरेटर आणि हेल्परचे ४० हजार, देखभालीचे ३० हजार. एकूण दोन लाखांच्या वर. डिझेल ठेकेदाराचे आणि भाडे तासाला हजार रुपये धरले, तर महिन्याला २०२ तास काम मिळाले की खर्च निघतो. २५ दिवसांचा महिना धरला तर रोज आठ तास. ऐकायला सोपे वाटते.

आता पाऊस धरा. काम आठच महिने, देखभालही तेवढीच, पण हप्ता बारा महिने आणि चांगला ऑपरेटर टिकवायचा तर पगारही बारा महिने. तेच गणित महिन्याला २८८ तासांवर जाते, म्हणजे रोज साडेअकरा तास. जिथे सुरक्षेमुळे अंधार पडायच्या आत काम थांबवावे लागते, तिथे हे तास आणायचे कुठून? सुरुवातीला भरलेले १३ लाख आणि चार वर्षांनंतरची विक्री किंमत यात धरलेली नाही, पण दर महिन्याचा हप्ता त्यांतून भरता येत नाही. पावसाळ्यातही काम देणारा कोणी, खाण किंवा कारखाना, आधीच ठरलेला असेल तरच विकत घेणे परवडते, असे हा हिशेब सांगतो.

जाळपोळ झाली तर?

डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला माओवाद्यांनी ७५ हून अधिक वाहने जाळली. १ मे २०१९ च्या पहाटे कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहने पेटवली आणि तिकडे निघालेल्या पोलिसांवर जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. १५ जवान आणि वाहनचालक मृत्युमुखी पडले. तेव्हा यंत्र पाठवणे हीच एक मोहीम होती. वांगेतुरी, गर्देवाडा इथे पोलीस मदत केंद्रे चोवीस तासांत उभी राहिली, तीही बंदोबस्तात नेलेल्या यंत्रांमुळेच.

धोका कमी झाला असला तरी विम्याचा कागद नीट वाचावा. नोंदणी झालेल्या हायवा किंवा जेसीबीच्या सर्वसमावेशक मोटार विम्यात दहशतवादी कृत्याने झालेले नुकसान धरलेले असते. पोकलेनचा विमा मात्र बहुधा ठेकेदाराच्या यंत्रसामग्रीसाठीचा वेगळा असतो. त्यात हे संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे लागते. आणखी एक खाच आहे. जेसीबी खोदताना उलटला, तर ते नुकसान साध्या मोटार विम्यात येत नाही, त्यासाठीही जादा कलम घ्यावे लागते. कर्ज देणारी कंपनी जो विमा काढून देते, त्यात ही दोन्ही कलमे आहेत का, हे सही करण्याआधी विचारा.

नवे की जुने?

१ जानेवारी २०२५ पासून टायरच्या नव्या बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचा स्टेज ५ निकष लागू आहे. धूर कमी होतो हे खरे, पण इंजिनाला काजळी अडवणारा फिल्टर आणि बरीच इलेक्ट्रॉनिक्स जोडली गेली. या इंजिनाला ड्रममधले पाणी-गाळ मिसळलेले डिझेल चालत नाही आणि बिघाड शोधायला लॅपटॉप घेतलेला तंत्रज्ञ लागतो. चंद्रपुरात कोळसा खाणी, सिमेंट कारखाने, वीज केंद्र असल्याने मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात. भामरागडमध्ये तंत्रज्ञाची वाट बघण्यात दिवस जातात. जुन्या यंत्रांना इकडे मागणी राहते, ती या कारणानेही. फक्त मीटरवरच्या तासांवर विसंबू नका. साखळीचे रोलर आणि बकेटच्या पिनांची झीज बघा, आणि आरसी बुकावर आधीच्या कर्जाचा बोजा उतरला आहे ना, तेही.

परवानगी आणि उभे यंत्र

वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार गावाच्या रस्त्यासारख्या कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पर्यंत झाडे आणि ग्रामसभेची शिफारस या अटींवर परवानगी मिळू शकते. मोठ्या कामांना वन संवर्धन कायद्याचा रस्ता. कागद अडला की काम थांबते, हप्ता थांबत नाही. यंत्र लावणाऱ्याने भाडेकरारात दरमहा किमान किती तासांचे पैसे मिळणार हे लिहून घ्यावे, आणि वनविभागाने किंवा ग्रामसभेने काम थांबवले तरी ते लागू राहील हेही. तोंडी बोलीवर लावलेल्या यंत्राचे रिकामे दिवस मालकाच्याच अंगावर पडतात.