पिल्लू जगलं, तरच ताटात मासा!

तारली हा गरिबाघरचा मासा. स्वस्त, चविष्ट आणि तेलानं भरलेला. एकेक मादी हजारो अंडी घालते. मग एखाद्या वर्षी बाजारात तारलीचे ढीग लागतात आणि एखाद्या वर्षी औषधालाही मिळत नाही, असं का?

उत्तर पिल्लांच्या पहिल्या काही दिवसांत दडलंय. अंड्यातून निघालेलं पिल्लू डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढं. सोबत शिदोरी काय, तर अंड्यातला उरलासुरला बलक! तो दोन-तीन दिवसांत संपतो. तेवढ्यात आसपास प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव मिळाले तर ठीक, नाहीतर उपासमार. नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ साली हाच विचार मांडला. १९०४मध्ये जन्मलेले हेरिंग मासे तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात पुढं कित्येक वर्षं येत राहिले होते. त्या एका वर्षी पिल्लं जगली होती!

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पिल्लांचं हे जेवण पावसाळा वाढतो. केरळ-कर्नाटकाकडे मोसमी वारे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर लोटतात, खालचं थंड, खतासारखं कसदार पाणी वर येतं आणि प्लवक फोफावतात. तारली अंडी घालते तीही याच सुमारास. पण वरचं पाणी फार तापलं, तर ते झाकणासारखं बसतं. खालचा कस वर येत नाही. जेवणाची वेळ चुकते.

याचा फटका केवढा? केरळात २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली मिळाली फक्त ३,२९७ टन! कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं या घसरणीचा संबंध २०१५च्या ‘एल निनो’शी जोडला. लहान मासळीची बेसुमार मासेमारीही नडलीच. उलट २०२४चा पाऊस मानवला आणि पिल्लं उदंड झाली. इतकी, की खाणं पुरेना आणि त्यांची वाढच खुंटली.

समुद्राचं तापमान कोळ्याच्या हाती नाही. जाळ्याची भोकं मात्र आहेत. महाराष्ट्रानं २०२३मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. त्याहून लहान मासा पकडायचा नाही.

पण बारीक पापलेट टोपलीत येतं, कारण त्याला गिऱ्हाईक मिळतं. समुद्रातल्या उपासमारीतून वाचलेलं ते पिल्लू अजून एकदाही व्यालेलं नसतं. बाजारात भाव करण्याआधी मासा वीतभर तरी आहे ना, एवढं पाहिलं तरी पुढच्या पावसाळ्यात अंडी घालायला कुणीतरी उरेल!