मुळावरची गाठ आणि जीवाणूची छोटी वही



'रायझोबियम जीवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात.' हे वाक्य आपली मुलं धडाधड म्हणतात. पण घेवड्याच्या मुळावरची गाठ दाखव म्हटलं की गप्प! आमच्या भोर-वेल्ह्याची मुलं बांधावर वाढलेली. हा पाठ फळ्यावर नव्हे, शेतात घ्यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

घेवड्याचं एक रोप हलकेच खणून काढा, मुळं पाण्यात धुवा. मण्यांसारख्या गाठी दिसतील. एखादी नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर गाठ कामात आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा.

आता खरी गंमत. बऱ्याच जीवाणूंत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची वेगळी वर्तुळं असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये दिलं. मुख्य गुणसूत्र हे पाठ्यपुस्तक समजा, तर प्लाझ्मिड ही सोबतची छोटी वही. घेवड्याच्या गाठीत राहणाऱ्या रायझोबियम एटली या जीवाणूत गाठ बांधण्याची आणि नायट्रोजन पकडण्याची मुख्य जनुकं या वहीत असतात. वही हरवली तरी जीवाणू मातीत जगतो, पण गाठ बांधू शकत नाही. ती एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊही शकते. सोयाबीनच्या ब्रॅडिरायझोबियममध्ये मात्र ही जनुकं मुख्य गुणसूत्रावरच असतात.

'प्लाझ्मिड' हा शब्द मुलांना जड जाईल, असं काहींना वाटेल. पण वही कुणाला कळत नाही?

आणि हे कळणं शेतात उपयोगी पडतं. मूळ रसायनातून साद घालतं, जीवाणू उत्तर देतो. खूण पटली तरच गाठ बनते. म्हणून एका पिकाचं जीवाणू संवर्धन दुसऱ्याला चालेलच असं नाही. आमच्या घरी एकदा सोयाबीनचं उरलेलं पाकीट घेवड्याच्या बियाण्याला चोळलं. पाकिटावरचं नाव कुणी वाचलंच नव्हतं! मुळं पाहिली तर गाठी मोजक्याच. वर युरिया जास्त टाकला तर झाड गाठी आणखी कमी बांधतं. आयतं मिळाल्यावर कोण राबेल?

म्हणून पेरणीच्या दिवसांत एक स्वाध्याय द्या. घरातल्या पाकिटावरचं पिकाचं नाव मुलाने आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवायचं. पुढे महिना-सव्वा महिन्याने एक रोप खणून गाठी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. ही परीक्षा पाठांतराने पास होता येत नाही.