आठवडाभर करून बघ

परवा नातू म्हणाला, "आजोबा, ऑफिसात काही नवीन सुचवलं की साहेब विचारतात, हे पूर्वी कुणी केलंय का?"

मी गप्प झालो. मुख्याध्यापक असताना मीही हेच विचारायचो. एका तरुण शिक्षिकेला भूगोलाचा तास ओढ्याकाठी घ्यायचा होता. मी नाही म्हटलं. पुढे तिने काही सुचवलंच नाही.

आणि मीच भाषणांत कोसबाडचं कौतुक करायचो! तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा काढली.

मंडळी, कल्पना फसली तर एक तास वाया जातो. सुचवणारा गप्प झाला तर पुढचं सगळंच जातं. साहेबांनी एवढंच म्हणावं, "आठवडाभर करून बघ, मग बोलू."