मागाच्या आधी चरखा थांबला

१/ दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यातून प्रवास केला, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी शेते दिसतात. मानवत, सेलू, परभणी या कापसाच्या परिचित बाजारपेठा. या कापसाचे घरोघरी कापड करणारे हात कोठे गेले, याचे एक ठरलेले उत्तर आहे. माझ्या मते ते अपुरे आहे.

२/ ठरलेले उत्तर असे : मँचेस्टरचे स्वस्त कापड आले आणि विणकर देशोधडीला लागला. हे खोटे नाही. पण या कथेत एकच पात्र आहे, मागावर बसलेला पुरुष. कापड मात्र एकट्याने कधीच होत नसे.

३/ क्रम पाहा. कापूस रेचून सरकी वेगळी करायची, पिंजून पेळू करायचे, चातीवर सूत कातायचे, ताणा लावून त्याला खळ द्यायची, बाण्यासाठी कांड्या भरायच्या. मग कोठे धोटा चाले. एक माग चालता ठेवायला अनेक कातणाऱ्या लागत. कातणे हे बहुतांशी बायकांचे काम. विणकराच्या घरी कांड्याही बायका-मुलेच भरत.

४/ गिरणीने प्रथम हिरावले ते याच बायकांचे काम. गिरणीचे सूत स्वस्त आणि एकसारखे होते. विणकराने ते स्वीकारले आणि माग चालू ठेवला. म्हणूनच लुगड्यांसारख्या वस्त्रांत हातमाग विसाव्या शतकातही तगला. हातकताई मात्र फार आधी ओसरली. ज्या सुताने विणकर वाचला, त्याच सुताने कातणारीची मिळकत बुडवली.

५/ परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. थेट इंग्रजी अमलाखाली नव्हते. तरीही हा बदल टळला नाही. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग परभणीवरून गेला. सरकी काढण्याचे यंत्र आले, कापसाच्या गाठी बाहेर जाऊ लागल्या आणि कापड बाहेरून येऊ लागले. संस्थानाची सीमा बाजाराला अडवू शकली नाही.

६/ कोणी म्हणेल, गांधीजींनी चरखा परत आणला की! आणला, आणि १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघही स्थापन केला. पण १९३५ मध्ये त्यांनाच आग्रह धरावा लागला, की कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी मिळाली पाहिजे. चरखा राष्ट्राचे प्रतीक झाला होता, पण तो फिरवणारीचे पोट त्यावर भरत नव्हते.

७/ शेजारच्या नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत यंत्रावरच्या व पॉलिएस्टर कापडालाही मुभा मिळाली. त्यावर चर्चा झाली ती ध्वजाच्या पावित्र्याची. सूत कातणारीच्या मजुरीची क्वचितच.

८/ इतिहासप्रेमी मित्रहो, माग संग्रहालयात ठेवता येतो. मजुरी ठेवता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : आपल्याकडे सूत कोण कातत असे? त्याचे काय मिळे? पेळू, चाती, कांडी, खळ हे शब्द त्यांच्या तोंडून उतरवून घ्या. विणकराचा इतिहास थोडाबहुत लिहिला गेला आहे. कातणारीचा बहुतांशी आठवणींतच उरला आहे, आणि आठवणी फार काळ थांबत नाहीत.